भरवसा, भविष्याविषयीचा (ख्रिस्ती)

उद्याचा दिवस आपल्या हाती नसला तरी देवाच्या हाती आहे, या श्रद्धेने आजचे काम करीत राहण्याची ख्रिस्ती वृत्ती. ‘प्रभूवर भार टाकणे’ हा मराठी ख्रिस्ती बोलीतला तिचा शब्दप्रयोग. प्रारब्धावर हवाला ठेवण्याहून ती वेगळी आहे. प्रारब्धाशी बोलता येत नाही. इथे ज्याच्यापाशी रडावे, ज्याच्याशी भांडावे असा पिता आहे.

शास्त्राधार : मत्तय 6, रोमकरांस पत्र 8:28, याकोब 4:13–15. सर्वांत परिचित वचन यिर्मया 29:11 : देवाचे संकल्प हिताचे व आशा देणारे आहेत. नव्या वर्षाच्या कॅलेंडरवर ते हटकून दिसते. त्याच्या आधीचा मजकूर मात्र सहसा वाचला जात नाही. बाबेलात पाडाव करून नेलेल्या यहूद्यांना यिर्मयाने यरुशलेमेहून धाडलेले हे पत्र आहे. सुटका जवळ आली, असे सांगणारे संदेष्टे त्यांच्यात होते. यिर्मयाने 70 वर्षांची मुदत सांगितली. तोवर घरे बांधा, बागा लावा, मुलाबाळांची लग्ने करा, असे कळवले. पत्र ऐकणाऱ्यांपैकी बहुतेकांना परतीचा दिवस दिसणार नव्हता. वचन त्यांना दिलेले आहे, हे विसरले की भरवशाचा अर्थ आपली इच्छा पुरी होणे एवढाच उरतो.

सिद्धान्त : ऑगस्टीन, थॉमस अक्वायनस व कॅल्विन यांचे विवेचन प्रमाण मानले जाते. पूर्वनियोजन आणि मानवी स्वातंत्र्य यांच्या मेळाविषयी पंथापंथांत एकमत नाही.

केडगाव : मराठी मुलखातले सर्वांत ठळक उदाहरण पंडिता रमाबाईंचे (1858–1922). त्यांनी 1889 मध्ये मुंबईत काढलेल्या शारदा सदनाला अमेरिकेतील रमाबाई असोसिएशनने दहा वर्षे मदत देण्याचे कबूल केले होते. मुदत संपत आली तशी पुढची काळजी लागली. ब्रिस्टलच्या अनाथगृहांचे संस्थापक जॉर्ज मुलर यांचे चरित्र वाचून, हिंदुस्थानातही देवावर असेच विसंबता येईल का, हा प्रश्न रमाबाईंना पडला. मात्र त्या हातावर हात ठेवून बसल्या नाहीत. उत्पन्न व्हावे म्हणून त्यांनी पुणे जिल्ह्यात केडगावला जमीन घेऊन फळझाडे लावली. 1896–97 च्या दुष्काळात मध्य प्रांतातून जवळपास तीनशे मुली त्यांनी आणल्या, आणि बागेच्या त्या जमिनीवर मुक्ती सदन उभे राहिले. पुढे तिथे विणकाम, तेलघाणा, छापखाना सुरू झाला. झाडे लावताना यांतले काहीच ठरलेले नव्हते. रमाबाईंच्या भरवशाचे मर्म या लेखकाला तिथे दिसते.

कन्या मनोरमा हिच्याकडे संस्था सोपवायची होती. ती 1921 च्या जुलैत वारली. आईने त्यानंतर नऊ महिनेही काढले नाहीत. मूळ हिब्रू व ग्रीक शिकून रमाबाईंनी केलेले बायबलचे मराठी भाषांतर 1924 मध्ये, त्यांच्या पश्चात, प्रसिद्ध झाले.

अन्य उदाहरण : ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांनी 1917 मध्ये याच भरवशावर मिशनची नोकरी सोडून ‘देवाचा दरबार’ स्थापला.