वऱ्हाडातील प्राचीन वास्तू आणि राहत्या घरांवरील बांधकाम-निर्बंध

प्राचीन वास्तूंच्या रक्षणासाठी शेजारच्या घरांवर निर्बंध घालणे ही कल्पना वऱ्हाडात नवीन आहे. जुनी सत्ता घरांच्या रक्षणासाठी तट बांधीत असे. अमरावतीचा परकोट हे याचे ठळक उदाहरण होय. पेंढाऱ्यांपासून तेथील धनिक व्यापाऱ्यांचे रक्षण व्हावे म्हणून निजामाच्या राजवटीने 1807 मध्ये त्याचे काम सुरू केले. सुमारे सव्वादोन मैल परिघाच्या, वीस ते सव्वीस फूट उंचीच्या या दगडी तटास पाच दरवाजे व चार खिडक्या ठेवण्यात आल्या. तट आणि आतील वस्ती ही मुळात एकाच रचनेची दोन अंगे होती.

आधुनिक कायद्याने ही अंगे वेगळी केली. 1904 च्या कायद्याचा मुख्य भर प्रत्यक्ष वास्तूवर होता. 1958 चा केंद्रीय कायदा व त्याखालील 1959 चे नियम यांमुळे वास्तूच्या सभोवतालचे बांधकामही नियंत्रणाच्या कक्षेत येऊ शकले. तथापि सरसकट अंतर ठरले ते 16 जून 1992 च्या अधिसूचनेने. संरक्षित हद्दीपासून 100 मीटरपर्यंतचे क्षेत्र प्रतिबंधित आणि त्यापुढील 200 मीटरचे क्षेत्र विनियमित ठरविण्यात आले. 2010 च्या दुरुस्तीने हीच अंतरे मूळ कायद्यात समाविष्ट झाली व राष्ट्रीय स्मारक प्राधिकरणाची तरतूद करण्यात आली.

अकोला जिल्ह्यातील बाळापूर येथे या व्यवस्थेचे मर्म ध्यानी येते. मन व म्हैस या नद्यांच्या संगमावरील किल्ला आणि मिर्झाराजे जयसिंगाची म्हणून ओळखली जाणारी छत्री या दोन्ही वास्तू केंद्रीय संरक्षणाखाली आहेत. प्रतिबंधित क्षेत्रात 1992 च्या अधिसूचनेपूर्वीपासून उभे असलेले घर मालकास परवानगीने दुरुस्त करता येते. परंतु कायद्याच्या व्याख्येनुसार पुनर्बांधणी ही दुरुस्ती नव्हे. पक्क्या इमारतीच्या बाबतीत हा भेद सुस्पष्ट आहे. पांढऱ्या मातीच्या भिंती, सागवानी खांब आणि वर धाबे असलेल्या वऱ्हाडी घराच्या बाबतीत मात्र तो अवघड ठरतो. पावसाने खचलेली भिंत उतरवून पुन्हा चढविणे हीच अशा घराची परंपरागत दुरुस्ती असते.

उलटपक्षी, 300 मीटरांच्या रेषेपलीकडील कोरीव वाड्याला या कायद्याचे कोणतेही संरक्षण नाही. किल्ल्याजवळचे सामान्य घर नियंत्रित आणि दूरचा उत्कृष्ट वाडा अनियंत्रित, असा हा विपर्यास आहे. येथे कसोटी अंतराची आहे, वस्तीच्या गुणाची नाही.

मुंबईने 1995 मध्ये वेगळा मार्ग स्वीकारला. तेथील वारसा-नियमावलीने इमारती व परिसर यांची सूची करून त्यांची तीन श्रेणींत विभागणी केली आणि महत्त्वाच्या फेरफारांसाठी तज्ज्ञ समितीचा सल्ला आवश्यक मानला. 2010 च्या दुरुस्तीतही प्रत्येक स्मारकासाठी स्वतंत्र वारसा-उपविधी करण्याची तरतूद आहे. त्या उपविधींत स्थानिक बांधकामपद्धतीचा विचार झाला, तर मातीच्या भिंतीची दुरुस्ती कशास म्हणावे हे ठरविता येईल. तो न झाल्यास किल्ल्याचा दगड टिकेल. पण ज्या वस्तीमुळे त्या दगडाला इतिहास लाभला, ती कायदा पाळता पाळताच नाहीशी होईल.