भोकरदन : अजिंठा डोंगराचे दक्षिणद्वार

भोकरदन हे जालना जिल्ह्यातील तालुक्याचे गाव अजिंठा डोंगररांगेच्या दक्षिणेस, केळणा नदीच्या काठी आहे. या डोंगराच्या अलीकडचे पाणी केळणा, जुई यांसारख्या नद्यांमधून पूर्णेला व पुढे गोदावरीला मिळते. पलीकडचे वाघूरमधून तापीला जाते. अजिंठ्याची लेणी पाहायला निघालेला प्रवासी बहुधा सिल्लोड–फर्दापूरच्या रस्त्याने जातो आणि भोकरदन त्याच्या वाटेतून सुटते. आठवडी बाजाराचे एक गाव एवढीच त्याची ओळख उरणे हा या स्थळावरचा अन्याय आहे. भोकरदन मोठे झाले ते घाटवाटेमुळे, आणि ते समजून घ्यायचे तर त्या वाटेवरचे नाके म्हणूनच पाहायला हवे.

प्राचीन भोगवर्धन ते हेच. सांची आणि भारहूतच्या स्तूपांना दान देणाऱ्यांच्या लेखांत भोगवर्धनच्या रहिवाशांचा उल्लेख येतो. इथली माणसे नर्मदा ओलांडून इतक्या दूर दान करीत होती, याचा अर्थ पैठणहून उज्जयिनीकडे जाणारी वाट त्यांच्या रोजच्या परिचयाची होती. सहाव्या शतकाच्या अखेरीस कलचुरी राजा शंकरगणाने उज्जयिनीच्या छावणीतून दिलेल्या अभोण ताम्रपटात भोगवर्धन हा ‘विषय’, म्हणजे प्रशासकीय विभाग, म्हणून येतो. १९७३ साली नागपूर व मराठवाडा विद्यापीठांनी येथे उत्खनन केले. त्यात सापडलेली हस्तिदंती स्त्रीमूर्ती इटलीतील पाँपेई येथे १९३८ साली मिळालेल्या भारतीय मूर्तीशी विलक्षण जुळते. पाँपेई इ. स. ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडले गेले. तेवढ्यावरून ती मूर्ती भोकरदनातच घडली असे म्हणता येत नाही, आणि म्हणूही नये; पण दोन्ही ठिकाणी एकाच घडणीचे काम पोहोचत होते, हे निश्चित. नदीकाठच्या खडकात कोरलेले वैष्णव लेणे आणि तालुक्यातील अन्वा येथील, बाह्य भिंतींवर विष्णूमूर्तींची रांग असलेले शिवमंदिर पाहिले, की वाटेवरची ही संपन्नता पुढेही टिकल्याचे दिसते.

यावर आक्षेप निघतो, की गाव सपाटीवर, डोंगर लांब आणि जिल्ह्यात राष्ट्रीय उद्यान एकही नाही. मग द्वार कसले? उद्यानाबाबत आक्षेप खरा आहे. पण डोंगराची सलगता जिल्ह्याच्या हद्दीत मोजता येत नाही: २०१९ साली टिपेश्वरहून निघालेला, रेडिओ कॉलर लावलेला वाघ शेकडो किलोमीटर चालून याच रांगेच्या पूर्वेकडील, बुलढाणा जिल्ह्यातील ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला. सपाटीचा मुद्दा मात्र उलटा माझ्याच बाजूचा वाटतो. घाट चढून आलेल्या तांड्याला किंवा फौजेला थांबायला पाणी, चारा आणि मोकळी जमीन लागते. कड्यावर यांतले काहीच मिळत नाही. ऑगस्ट १८०३ मध्ये शिंदे आणि नागपूरकर भोसले यांच्या फौजा अजिंठा घाटाने वर आल्या, आणि सप्टेंबरात त्यांचा तळ पडला तो केळणा व जुई यांच्या मधल्या पट्ट्यात, भोकरदनपासून असईपर्यंत. त्यांना गाठण्यासाठी इंग्रज सेनानी वेलस्ली आणि स्टीव्हन्सन बदनापूरहून दोन वेगळ्या वाटांनी निघाले. २३ सप्टेंबरला वेलस्लीसमोर केळणा आडवी आली. वाटाडे उतार नाही म्हणत होते. पण पिंपळगाव आणि वरूड ही दोन गावे दोन्ही काठांवर समोरासमोर दिसली, तेव्हा मध्ये उतार असणारच असा तर्क करून त्याने फौज पाण्यात घातली, आणि तो तर्क खरा ठरला. पावसाळा सरता सरता, केळणेला पाणी असताना येथे यावे. तेव्हा हा तर्क काठावर उभे राहून ताडून पाहता येतो.