सासष्टीच्या ओव्यांतलं देणं

१६१६ साली गोव्यात रायतूरला छापलेल्या एका मराठी ग्रंथाला आपण आज ‘क्रिस्तपुराण’ म्हणतो, पण पहिल्या आवृत्तीवरचं पोर्तुगीज नाव निराळं होतं. आपला तारक येशू ख्रिस्त जगात आला, त्या येण्याविषयीचं विवेचन, असा त्याचा अर्थ. कर्ता फादर थॉमस स्टीफन्स हा १५७९ साली गोव्यात उतरलेला इंग्रज जेझुइट. १६१९ मध्ये देह ठेवीपर्यंत त्याचा बहुतेक काळ दक्षिण गोव्यातल्या सासष्टीतच गेला. त्या नावातला ‘येणं’ हा शब्द मला ग्रंथाची किल्ली वाटतो. सुमारे अकरा हजार ओव्यांपैकी चार हजारांवर ओव्या पहिल्या भागात आहेत आणि त्यांत जुन्या कराराची कथा आहे: सृष्टी, पहिल्या जोडप्याचं पतन, देवाचं वचन आणि पिढ्यान्‌पिढ्यांची वाट पाहणं. ख्रिस्तजन्म येतो तो दुसऱ्या भागात. माणसाला स्वतःच्या बळावर सुटता येत नाही हे आधी पुरतं पटल्याशिवाय नाताळ म्हणजे देणगी हे उमगत नाही, म्हणून ही लांबण. मिळकत आणि देणगी यांत फरक एवढाच, की मिळकतीवर आपला हक्क असतो. लूकच्या शुभवर्तमानात जन्माची बातमी पहिल्यांदा मेंढपाळांना मिळते. त्यांनी त्यासाठी काही केलेलं नसतं, रात्री कळप राखत जागे होते इतकंच. बाळ गव्हाणीत आहे आणि पुढे त्याला मंदिरात नेतात तेव्हा अर्पण होतात ती पाखरं, कोकरू न परवडणाऱ्यांसाठी नेमून दिलेली. देणारा स्वतःच रित्या हाताच्या घरात आला, ही ख्रिस्ती श्रद्धेची कळ आहे.

यावर मराठी वाचक म्हणेल, देव येतो हे आम्हाला नवं नाही. पंढरीचा विठोबा पुंडलिकासाठी आलाच की. आक्षेप मोलाचा आहे. पण विठोबा येतो तो पुंडलिकाच्या मातृपितृसेवेवर प्रसन्न होऊन, आणि गीतेतला अवतार सज्जनांना राखायला व दुष्टांना संपवायला येतो. ख्रिस्ती सिद्धान्तात आधीचं पुण्य जमेला धरलेलंच नाही. ज्याचा नाश व्हायचा त्याच्यासाठीच देव पुत्र देतो. तरीही दरी वाटते तेवढी रुंद नाही. पात्रता नसताना होणाऱ्या कृपेची भाषा आपल्या संतांनी आधीच घडवली होती, आणि स्टीफन्सनं उचलली ती त्यांचीच ओवी. तिच्यावाचून हे देणं सासष्टीच्या कानांना परकंच राहिलं असतं.

दुसरा आक्षेप जास्त बोचणारा आहे. १५६० साली गोव्यात इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचं धर्मन्यायालय, आलं, १५६७ मध्ये सासष्टीतली देवळं पाडली गेली. नव्यानं ख्रिस्ती झालेला एक ब्राह्मण पाद्रीकडे पुराण मागतो, कारण जुनी पुराणं बंद झाली आहेत, असा प्रसंग खुद्द ग्रंथातच आहे. ज्या हातानं हिसकावलं त्याच हातानं दिलं, तर त्याला देणगी कसं म्हणायचं? सत्तेनं केलेल्या त्या बळजबरीला मी देणगी म्हणणार नाही. मात्र तिचा निवाडा नाताळची कथाच करते. त्या कथेत बाळाला मारायला सैनिक पाठवतो तो राजा हेरोद. देव येतो तो तान्हं मूल होऊन, ज्याला नाकारणं कुणालाही सहज जमेल. नाकारता येत नाही ते देणं नव्हेच. ग्रंथाचं पुढचं आयुष्यही इथं साक्षीला आहे. रायतूरच्या छापील आवृत्त्यांची एकही प्रत आज उरलेली नाही. पुराण जगलं ते हस्तलिखितांत आणि मंगळूरकडच्या ख्रिस्ती घरांत, जिथं पोर्तुगीजांचा हुकूम चालत नव्हता. तिथल्या लोकांनी ते हातानं उतरवलं, चालीवर गायलं, आणि १९०७ साली मंगळुरातच ते पुन्हा छापलं गेलं. तो स्वीकार त्यांचा स्वतःचा होता.

गोव्यात नाताळला नेवऱ्या, दोदोल, बेबिंका यांची ताटं हिंदू शेजाऱ्यांकडे जातात आणि चवथीला, दिवाळीला तिकडून ताट येतं. ही गोड देवाणघेवाण आहे आणि ती टिकायलाच हवी, पण गव्हाणीतल्या देण्याशी तिची बरोबरी होत नाही. त्याच्या जवळ जाणारी रीत निराळी आहे. ज्या घरात वर्षभरात मयत झालेलं असतं तिथं गोडधोड रांधत नाहीत. तिथं ताट शेजाऱ्यांकडून येतं, आणि त्या वर्षी ते घर काही परत पाठवील अशी अपेक्षा कुणी धरत नाही.