तळहातावरची वाटचाल

दौंडाहून मनमाडकडे जाणाऱ्या गाडींत बसून श्रीगोंदा रोड स्टेशनाच्या आसपास आपण कधीं खिडकीबाहेर पाहिलें असेल, तर आजच्या विषयाचें मर्म आपणांस आधींच ठाऊक आहे. आपण जागेवर बसलेले असतों. पण रुळांलगतच्या बाभळी, उंसाचे फड, विहिरी हीं सारीं पुढून येतात आणि मागें सरकून दिसेनाशीं होतात. खिडकीची चौकट तेवढीच राहते, देखावा मात्र संपत नाहीं. लहान मुलाला तर पुष्कळदां वाटतें कीं, आपण स्थिर आहों आणि जगच धांवत आहे. हाच भ्रम मुठींत मावणाऱ्या यंत्रांत उतरवून माणसानें त्याचा एक खेळ केला. त्या खेळाची जन्मकथा आज सांगावयाची आहे. कारण तींत मुलांच्या करमणुकीबरोबर आपल्या एका विसरलेल्या कलेचाही हिशेब आहे.

कथेचा आरंभ जपानांतील क्योटो शहरीं होतो. १८८९ सालीं फुसाजिरो यामाउची नांवाच्या गृहस्थानें तेथें पत्ते करण्याचा धंदा काढला. या पत्त्यांस हानाफुदा म्हणतात. वर्षाच्या बारा महिन्यांचीं झाडें-फुलें, प्रत्येकाचीं चार पानें, असा ४८ पानांचा तो जोड असतो. निन्टेंडो म्हणून आज जी कंपनी जगभर ठाऊक आहे, तिचें मूळ हेंच. १९६५ सालीं गुनपेई योकोई नांवाचा एक तरुण तेथें नोकरीस लागला. पत्ते बनविणाऱ्या यंत्रांची देखभाल करणें हें त्याचें काम. रिकाम्या वेळीं त्यानें लांबवर पोहोंचून वस्तु पकडणारा एक यांत्रिक हात गमतीखातर तयार केला. तो मालकाच्या दृष्टीस पडला. परंतु मालकानें रागें भरण्याऐवजीं त्याचें खेळणें करून विकण्यास सांगितलें. १९६६ त तें बाजारांत आलें, आणि यंत्रांस तेल घालणारा मनुष्य खेळणीं घडविणारा झाला.

योकोईविषयीं आणखी एक गोष्ट नेहमीं सांगितली जाते. आगगाडींत एक कंटाळलेला प्रवासी हिशेबाच्या छोट्या यंत्राचीं बटणें उगाच दाबीत बसलेला त्यानें पाहिला, आणि प्रवासांत खिशांत बाळगतां येईल असा खेळ कां असूं नये, असें त्याच्या मनांत आलें. १९८० सालीं 'गेम अँड वॉच' हीं छोटीं खेळयंत्रें निघालीं तीं या विचारांतून. त्याचें तत्त्व असें कीं, जें तंत्र जुनें व स्वस्त झालें आहे, ज्याचे गुणदोष पुरते कळले आहेत, तेंच घ्यावें आणि त्याचा कोणीं न केलेला उपयोग करावा. जुन्या लुगड्यांची गोधडी शिवणाऱ्या आपल्या आजीला या तत्त्वांत नवें असें कांहींच वाटलें नसतें!

२१ एप्रिल १९८९ रोजीं जपानांत 'गेम बॉय' विक्रीस आला. त्याच्या पडद्यावर रंग नव्हते. हिरवट छटेच्या चार पायऱ्या, बस्स. आडवे १६० आणि उभे १४४ इतकेच ठिपके. आंतून उजेड नाहीं. प्रतिस्पर्ध्यांनीं लवकरच रंगीत पडद्यांचीं यंत्रें आणलीं. परंतु त्यांच्या सहा बॅटऱ्या थोड्याच तासांत संपत, आणि गेम बॉयच्या चार बॅटऱ्या त्यांहून कितीतरी अधिक टिकत. झगमगाट हरला आणि काटकसर जिंकली.

त्याच दिवशीं त्याच्यासाठीं 'सुपर मारिओ लँड' हा खेळ निघाला. मिशाळ मारिओ आधींच प्रसिद्ध होता. १९८५ सालीं शिगेरु मियामोतो यांनीं घरच्या दूरचित्रवाणीसाठीं त्याची मोठी धांव रचली होती. हा छोटा खेळ मात्र योकोईच्या देखरेखीखालीं सातोरु ओकादा यांनीं सिद्ध केला. चार प्रदेश व बारा टप्पे. पिरॅमिडांची भूमि, समुद्र, ईस्टर बेटावरचे दगडी चेहरे आणि शेवटीं चीन. डावीकडून उजवीकडे धांवावयाचें, खड्ड्यांवरून उडी मारावयाची, शत्रूच्या डोक्यावर पाय द्यावयाचा. याच्या एक कोटी ऐंशी लाखांहून अधिक प्रति विकल्या गेल्या.

एवढ्याशा पडद्यावर इतकी लांब वाट मावते कशी? यंत्राच्या स्मृतींत चित्राच्या लहान चौकोनांचें एक पट असतें, ३२ ओळी आणि ३२ रांगा. पडद्यावर त्यांतील २० रांगा व १८ ओळी दिसतात. मारिओ पुढें गेला कीं पडद्याची खिडकी पटावरून सरकते, आणि मागें पडलेल्या रांगेवर यंत्र पुढची नवी रांग काढून ठेवतें. पटाचें एक टोक दुसऱ्यास जोडल्यासारखें चालतें. आपल्या विहिरीवरचें रहाटगाडगें हेंच करी. गाडगीं तींच, पाणी मात्र दरवेळीं नवें.

एक एक शत्रु जिंकीत पुढें जाण्याची कल्पना मराठी मनास परकी नाहीं. ज्या श्रीगोंद्याजवळून आपण निघालों, तेथील सतराव्या शतकांतील संतकवि शेख महंमद यांनीं आपल्या 'योगसंग्राम' ग्रंथांत साधकाची विकारांशीं झुंज युद्धाच्या रूपकानें वर्णिली. दोहोंची बरोबरी करण्याचा हेतु नाहीं. एक वाट आत्मशोधाची, दुसरी घटकाभर मनोरंजनाची. पण पडून पुन्हां उठणें हें दोन्ही वाटांवर लागतें.

आतां हिशेबाकडे वळूं. क्योटोला जशी हानाफुदा, तशी आपल्या सावंतवाडीस गंजिफा. दशावतारी गंजिफेचे १० रंग, प्रत्येकाचीं १२ पानें, अशीं १२० वाटोळीं पानें चितारी हातानें रंगवीत. छापील स्वस्त पत्ते आले, आणि गंजिफा खेळणारे हात थांबले. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत शिवरामराजे भोसले व सत्वशीलादेवी यांनीं राजवाड्यांत ती कला पुन्हां उभी केली, हे त्यांचे उपकार. तरीही आज ती बहुधा दिवाणखान्यांतील कपाटांत दिसते, डावांत क्वचितच. उलट क्योटोच्या पत्तेवाल्यानें आपले पत्ते टाकले नाहींत, आणि देखभालीच्या माणसाच्या गमतीसही हंसला नाहीं. फरक पडला तो येथें.

म्हणून एक अलीकडची घटना मोलाची वाटते. १८ ऑगस्ट २०२० रोजीं पुण्याच्या 'नॉडिंग हेड्स गेम्स' या छोट्या संस्थेचा 'राजी' हा खेळ, निन्टेंडोच्याच हातांत धरतां येणाऱ्या 'स्विच' यंत्रावर प्रथम आला. आपल्या धाकट्या भावाच्या, गोलूच्या, शोधांत निघालेली राजी असुरांशीं लढते, भिंतींवरून धांवते, खांबांवर चढते. आणि कथेचे कांहीं भाग छायाबाहुल्यांच्या रूपानें दिसतात. जुनी कला तेथें कपाटांतून बाहेर येऊन पुन्हां खेळूं लागली आहे.

श्रोतेहो, पुढच्या खेपेस घरांतलें मूल कांहींतरी मोडून-जोडून बसलेलें दिसलें, तर "अभ्यास सोडून हें काय?" असें म्हणण्यापूर्वीं क्योटोच्या त्या मालकाची क्षणभर आठवण करावी, आणि त्या मुलानें काय जोडलें आहे तें एकदां पाहावें.