शत्रूचं मूल आणि कलम २३

युद्धात मुलांचं रक्षण म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर बॉम्ब येतात, हातात बंदूक दिलेली पोरं येतात. आज मी बोलणार आहे ते भुकेविषयी.

११ नोव्हेंबर १९१८ ला पहिल्या महायुद्धाच्या तोफा थांबल्या. नाकेबंदी मात्र थांबली नाही. जर्मनीनं तह मान्य करावा म्हणून दोस्त राष्ट्रांनी ती चालू ठेवली. ती पूर्ण उठायला जुलै १९१९ उजाडला. दरम्यान जर्मनी-ऑस्ट्रियातली मुलं दुधावाचून, मुडदूस आणि क्षयानं खंगत होती.

एप्रिल १९१९ मध्ये एग्लंटाइन जेब ही इंग्रज बाई लंडनच्या ट्रॅफल्गार चौकात पत्रकं वाटत होती. पत्रकावर एका उपाशी ऑस्ट्रियन मुलाचा फोटो. सेन्सॉरची परवानगी नव्हती, म्हणून अटक झाली, खटला चालला, पाच पौंड दंड झाला. गंमत बघा, ते पाच पौंड सरकारी वकिलानंच तिला देऊ केले, असं सांगतात. त्याच मे महिन्यात ‘सेव्ह द चिल्ड्रन’ निधी सुरू झाला. ज्यांची मुलं, भाऊ जर्मनांशी लढताना मेले, त्यांच्याकडेच ती त्या शत्रूच्या लेकरांसाठी पैसे मागत होती. हे सोपं नव्हतं, मंडळी.

पुढे तिनं पाच कलमांचा एक जाहीरनामा लिहिला. २६ सप्टेंबर १९२४ ला राष्ट्रसंघानं तो स्वीकारला. संकटात पहिली मदत मुलाला, हे त्यातलं एक कलम. पण हे कर्तव्य कुणाचं? तर सर्व राष्ट्रांतल्या स्त्री-पुरुषांचं. सरकार हा शब्दच नाही! मला यात त्या मजकुराची उंचीही दिसते आणि दुबळेपणाही. सगळ्यांनीच देणं लागतं म्हटल्यावर जाब कुणाला विचारायचा?

सरकारांना बांधायला आणखी एक महायुद्ध जावं लागलं. १२ ऑगस्ट १९४९ च्या चौथ्या जिनिव्हा करारातलं कलम २३ सांगतं, की पंधरा वर्षांखालची मुलं, गरोदर स्त्रिया आणि बाळंतिणी यांच्यासाठीचं आवश्यक अन्न, कपडे आणि टॉनिक शत्रूपक्षाकडे जात असलं तरी वाट द्यावी. इथवर जेबबाईंचाच विचार. पण खाली अट आहे. माल भलतीकडे वळेल, किंवा त्यातून शत्रूच्या युद्धप्रयत्नांना नक्की फायदा होईल, अशी गंभीर भीती वाटण्याजोगं कारण असेल तर वाट नाकारता येते. आता ही भीती कुणाला वाटायची? नाकेबंदी करणाऱ्यालाच! म्हणजे वादी तोच, न्यायाधीशही तोच. मग चर्चा मुलाच्या पोटाची राहत नाही, दुधाच्या भुकटीचं पोतं वाटेत कुणाच्या हाती लागेल याची होते.

१९७७ च्या पहिल्या पूरक मसुद्यानं नागरिकांची उपासमार हे युद्धाचं साधन म्हणून वापरायला साफ बंदी घातली. त्यात अमेरिका सामील नाही. आपला भारतही नाही. का नाही, यावर प्रश्नोत्तरांत जरूर विचारा.