काळ्या घोड्याचा स्वार आणि घरातली मोरी

१. मुंबईच्या काळा घोडा चौकात आज जो घोडा उभा आहे, त्याच्या पाठीवर कोणी नाही. तो २०१७ साली बसवलेला. चौकाला ज्याच्यामुळे हे नाव पडले, तो १८७९ सालचा मूळ पुतळा १९६५ मध्ये तिथून हलवण्यात आला आणि आता भायखळ्याच्या राणीच्या बागेत आहे. त्यावर स्वार होता. तो म्हणजे ब्रिटनचा युवराज अल्बर्ट एडवर्ड, पुढे सातवा एडवर्ड म्हणून गादीवर आलेला. १८७५ च्या नोव्हेंबरात तो मुंबईत उतरला होता. त्या भेटीची स्मृती म्हणून अल्बर्ट ससून यांनी हा पुतळा शहराला दिला.

२. त्या भेटीच्या बरोबर चार वर्षे आधी हाच युवराज मृत्यूच्या दारात पडून होता. त्याला तिथवर नेणारे कारण, त्या काळच्या समजुतीप्रमाणे, एका श्रीमंत घराच्या भिंतीआड दडलेली सांडपाण्याची नळी हे होते. त्या आजारपणातून एक प्रश्न साऱ्या ब्रिटनसमोर उभा राहिला: घरातील नळ आणि मोऱ्या यांचे ज्ञान घरमालकाला किती असावे, आणि कोणत्या टप्प्यावर ते काम जाणत्या कारागिराच्या हाती सोपवावे?

३. प्रश्न मुळात फार जुना आहे. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकातील रोमन वास्तुविशारद विट्रुव्हियस याने वास्तुशास्त्रावरील आपल्या ग्रंथात शिशाच्या आणि भाजलेल्या मातीच्या नळ्यांची तुलना केली आहे. शिशाच्या नळीतील पाणी आरोग्याला अपायकारक, असे सांगताना तो शिशाचे काम करणाऱ्यांच्या फिकट चेहऱ्यांकडे बोट दाखवतो. मातीच्या नळीचा आणखी एक लाभ तो नोंदवतो: ती बिघडली, तर कोणीही दुरुस्त करू शकतो.

४. रोमन जगाने मात्र शिसेही भरपूर वापरले. ते मऊ, हवे तसे वळणारे, चटकन वितळणारे. पण त्याचा सांधा जोडायला सरावलेला हात लागे. लॅटिनमध्ये शिशाला ‘प्लुंबुम’ म्हणतात. त्यावरून ‘प्लंबर’ हा शब्द आला. म्हणजे मुळात प्लंबर हा शिशाचा कारागीर. लंडनच्या प्लंबरांच्या व्यवसायसंघाचे नियम १३६५ सालचे, तर राजसनद १६११ ची. नळाआधी छपरांचे पत्रे आणि पन्हळी हेच त्यांचे मोठे काम होते.

५. आता १७७५ सालाकडे. लंडनमधील घड्याळजी अलेक्झांडर कमिंग याने पाण्याने धुतल्या जाणाऱ्या शौचकूपाचे पेटंट घेतले. पाण्याच्या लोटाने धुण्याची कल्पना नवी नव्हती. सर जॉन हॅरिंग्टन याने १५९६ मध्येच ती मांडली होती. (हा शोध थॉमस क्रॅपर याचा, ही लोकप्रिय गोष्ट खरी नाही, तो एकोणिसाव्या शतकातला.) कमिंगने नवे केले ते खाली: नळीला त्याने इंग्रजी ‘एस’ अक्षरासारखे वळण दिले.

६. त्या वळणात प्रत्येक वेळी थोडे पाणी साचून राहते. तेवढे पाणी म्हणजे एक बूच. वरून येणारे पाणी त्याला ढकलून पुढे जाते, पण खालून येणारी दुर्गंधी, हवा आणि किडे त्याला ओलांडू शकत नाहीत. झीज होईल असा एकही हलता भाग नाही, झडप नाही. आजही जगभरातल्या बेसिनांखाली आणि संडासांखाली हेच वळण आहे. त्याला ट्रॅप म्हणतात.

७. भारतातील स्थापत्य अभियांत्रिकीच्या पाठ्यपुस्तकांत एका ट्रॅपचे नाव आहे ‘नहाणी ट्रॅप’. न्हाणीघराच्या जमिनीत बसवलेली ती जाळीची मोरी. मराठी माणसाच्या घरातली न्हाणी अशी इंग्रजी पुस्तकांतही जाऊन बसली.

८. कमिंगचे वळण उत्तम होते. पण पुढे नळी जात कुठे होती? बहुतेक घरांत तळघराखालच्या शोषखड्ड्यात. १८४० च्या दशकाच्या अखेरीस हे खड्डे बुजवून घरे गटारांना जोडण्याचा आग्रह सुरू झाला आणि गटारे थेट थेम्स नदीत रिकामी होऊ लागली. १८५८ च्या उन्हाळ्यात नदीच्या दुर्गंधीने संसदेचे कामकाजही असह्य झाले. मग अभियंता जोसेफ बॅझलजेट याच्या हाती भव्य भुयारी गटारांचे काम आले.

९. एप्रिल १८६५ मध्ये या योजनेतील क्रॉसनेस येथील उदंचन केंद्राचे उद्घाटन झाले. उद्घाटक होता युवराज अल्बर्ट एडवर्ड. रस्त्याखालचा प्रश्न सुटत आला होता. पण प्रत्येक घर आता एका नळीने त्या अवाढव्य गटारजाळ्याशी जोडले गेले होते. ती जोडणी कोणी केली, कशी केली, हे पाहणारे फारसे कोणी नव्हते. नळी भिंतीत गेली, वर गिलावा चढला, की काम दिसेनासे होई.

१०. १८७१ च्या शरदात युवराज स्कारबरो या समुद्रकाठच्या गावी लाँड्सबरो लॉज या उमरावी घरात पाहुणा होता. परतल्यावर नोव्हेंबरात तो विषमज्वराने अंथरुणाला खिळला. त्याच घरात उतरलेला अर्ल ऑफ चेस्टरफील्ड १ डिसेंबरला मरण पावला. युवराजाचा एक मोतद्दारही याच तापाने गेला. १४ डिसेंबर जवळ येऊ लागला तशी देशाची धास्ती वाढली. युवराजाचा पिता प्रिन्स अल्बर्ट दहा वर्षांपूर्वी याच तारखेला मरण पावला होता, आणि तेव्हाही डॉक्टरांचे निदान विषमज्वर हेच होते.

११. युवराज वाचला. २७ फेब्रुवारी १८७२ रोजी लंडनच्या सेंट पॉल कॅथेड्रलमध्ये त्याच्यासाठी कृतज्ञतेची प्रार्थना झाली. मोतद्दाराचे नाव मात्र आज फारसे कोणाला ठाऊक नाही. त्या काळात इंग्लंडमध्ये दरवर्षी हजारो माणसे विषमज्वराने मरत, आणि त्यांच्या मोऱ्या तपासायला फारसे कोणी जात नव्हते. या वेळी ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने लाँड्सबरो लॉजच्या सांडपाणी व्यवस्थेचीच तपासणी केली.

१२. येथे एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. गटारातील दूषित वायूच विषमज्वर निर्माण करतो, असे तेव्हाचे बहुसंख्य डॉक्टर मानत. ते चूक होते. ब्रिस्टलचा विल्यम बड हा रुग्णाच्या मलातून दूषित झालेल्या पाण्याकडे बोट दाखवत होता. १८७३ मध्ये त्याचा या विषयावरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. १८८० मध्ये कार्ल एबर्ट याने रोगजंतू पाहिला. कारण चुकीचे समजले गेले, तरी उपाय मात्र बव्हंशी योग्य निघाला: सांडपाणी आणि माणूस यांच्यातील आडोसा पक्का करणे. इतिहासात असे क्वचितच घडते.

१३. १८७८ साली लीड्सचा शल्यचिकित्सक थॉमस प्रिजिन टील याने ‘डेंजर्स टू हेल्थ’ हे पुस्तक काढले. त्यात उपदेश थोडा आणि चित्रे पुष्कळ. घर मधोमध कापून दाखवावे तशी ती चित्रे: कुठे उलट्या उताराची मोरी, कुठे उंदरांनी पोखरलेला सांधा, कुठे ट्रॅपच नसलेले भांडी घासण्याचे कुंड. पिण्याच्या पाण्याच्या टाकीची जादा पाणी वाहून नेणारी नळी थेट संडासाच्या नळीला जोडलेली, हे त्यातले सर्वात भयंकर चित्र. दूषित हवा घरात कोणत्या वाटेने शिरते, ते बाणांनी दाखवलेले.

१४. टीलचा रोख घरमालकावर होता. स्वतः नळ जोडायला शिका, असे त्याचे म्हणणे नव्हते. आपल्या घरातली नळी कुठून निघते आणि कुठे जाते, एवढे तरी ठाऊक असू द्या, असा त्याचा आग्रह होता. ज्याला दोष ओळखता येत नाही, त्याला चांगला कारागीर आणि वाईट कारागीर यांतला फरकही ओळखता येत नाही. वाईट काम गिलाव्याआड दडते, चांगलेही दडते. दोघांचे बिल मात्र सारखेच दिसते.

१५. या काळातील एक चाचणी मोठी चतुर होती. पेपरमिंटचे तेल आणि गरम पाणी छपरावरून सांडपाण्याच्या नळीत ओतायचे. घरात दुसऱ्या माणसाने खोलीखोलीतून वास घेत हिंडायचे. जिथे पेपरमिंटचा दरवळ आला, तिथे सांधा फुटका किंवा ट्रॅप निकामी. तेल ओतणाऱ्याने मात्र घरात पाऊल टाकायचे नाही. त्याच्या अंगाकपड्यांना लागलेला वासच परीक्षा बिघडवी.

१६. १८८५ मध्ये न्यू यॉर्कमध्ये हॅरिएट प्लंकेट यांचे ‘विमेन, प्लंबर्स अँड डॉक्टर्स’ हे पुस्तक आले. घराची देखभाल स्त्रियांकडे असेल, तर घराच्या नळ्यांचे शास्त्रही त्यांना यायला हवे. गृहिणी आणि प्लंबर यांनी आपापले काम चोख केले तर डॉक्टरांना तुलनेने थोडेच काम उरेल, असा त्यांचा दावा. घरकामाला विज्ञानाच्या पंक्तीत बसवणारा हा विचार त्या काळात धाडसाचा होता.

१७. दुसऱ्या बाजूने कारागिरांमध्येही हालचाल सुरू झाली. लंडनच्या प्लंबर संघाने १८८६ पासून प्लंबरांची नोंदणी सुरू केली. पात्रता सिद्ध केलेल्याला आपल्या नावापुढे ‘आर. पी.’, म्हणजे नोंदणीकृत प्लंबर, ही अक्षरे लावता येत. कायद्याने सक्ती नव्हती. पण कोणाला बोलवावे, या प्रश्नाला प्रथमच एक तपासता येण्याजोगे उत्तर मिळाले. इकडे मुंबईत १८६० मध्ये विहारचे पाणी आले होते. १८८८ च्या मुंबई महानगरपालिका कायद्यात आजही परवानाधारक प्लंबरांची तरतूद आहे. कारण सरळ आहे: सार्वजनिक जलवाहिनीवरचा एक चुकीचा सांधा शेजाऱ्यापाजाऱ्यांचेही पाणी नासवू शकतो.

१८. हे सारे जुने झाले असे वाटत असेल, तर २००३ चे हाँगकाँग पाहावे. अमॉय गार्डन्स या उत्तुंग गृहसंकुलात सार्सची साथ अचानक भडकली आणि तीनशेहून अधिक रहिवासी आजारी पडले. चौकशीत इतर कारणांबरोबर एक साधे कारण पुढे आले: न्हाणीघरांच्या जमिनीतील मोऱ्यांचे ट्रॅप कोरडे पडले होते. रहिवासी फरशी पाणी ओतून न धुता ओल्या फडक्याने पुसत. वळणातले बूच आटून गेले होते.

१९. मग न्हाणीघरातील पंखा सुरू झाला, की तो बाहेरची हवा ओढण्याऐवजी मोरीतून सांडपाण्याच्या नळीतली दूषित हवा आत ओढी. २२८ वर्षांपूर्वी एका घड्याळजीने बसवलेले पाण्याचे बूच नाहीसे होताच मजल्यामजल्यांतला आडोसाही नाहीसा झाला. त्यानंतर तेथील नागरिकांना दिलेला सल्ला अगदी घरगुती होता: प्रत्येक मोरीत नियमाने पाणी ओतत जा.

२०. या इतिहासातून घरमालक आणि प्लंबर यांच्यातली सीमारेषा बरीच स्पष्ट होते. जे काम उघड्यावर आहे, जे बिघडले तर आपल्यापुरतेच बिघडते आणि जे पाणी बंद करून थांबवता येते, ते घरच्या माणसाचे. ठिबकणाऱ्या नळाचा वायसर बदलणे, बेसिनखाली बादली ठेवून ट्रॅप उघडून साफ करणे, गावाहून परतल्यावर मोरीत तांब्याभर पाणी ओतणे. आणि या सगळ्याच्या आधी, घराचा मुख्य कॉक कुठे आहे आणि तो फिरतो की गंजून बसला आहे, हे माहीत असणे.

२१. जे काम भिंतीआड किंवा जमिनीखाली आहे, ते जाणत्याचे. पाणी ओतूनही मोरीचा वास जात नसेल, संडासात पाणी सोडताच मोरीतून बुडबुडे येत असतील, एकाच वेळी दोन-तीन ठिकाणचे सांडपाणी तुंबत असेल, नळ बंद असूनही भिंतीची ओल पसरत असेल, तर दोष वरच्या तोटीत नाही. आणि पिण्याच्या पाण्याची नळी जिथे सांडपाण्याच्या जवळ येते, तिथे धाडसाला जागा नाही. टीलच्या चित्रांतले मृत्यू तिथेच दडलेले होते.

२२. विट्रुव्हियसची मातीची नळी कोणालाही दुरुस्त करता येत होती. एकोणिसाव्या शतकाने नळ्या भिंतीत नेल्या आणि घर देखणे झाले. त्याबरोबर घरमालकाचे अज्ञानही भिंतीत गाडले गेले. त्याची किंमत एका युवराजाने जवळजवळ, आणि त्याच्या मोतद्दाराने पुरती चुकवली. राणीच्या बागेतला तो काळा घोडेस्वार पाहताना साम्राज्याची आठवण येणे स्वाभाविक आहे. त्याच्या जोडीने नळीच्या वळणातले ते ओंजळभर पाणीही आठवावे.