परवानगीचा प्रश्न

नव्या जालन्यांतील एखादा अडत्या आपला हिशेब घरच्या संगणकांत ठेवतो. नवा प्रोग्राम यंत्रांत बसूं लागला कीं पडद्यावर प्रश्न येतो: परवानगी आहे काय? एवढा पहारा पुरेसा आहे काय?

पूर्वीं तोहि नव्हता. १९९० सालीं भारतांत आढळलेला ‘जोशी’ विषाणू दूषित फ्लॉपीवरून यंत्र सुरू करतांच आंत शिरे. ५ जानेवारीस संगणक अडून बसे, आणि ‘हॅपी बर्थडे जोशी’ असें टंकित केल्यावांचून हालत नसे!

२००७ च्या जानेवारींत आलेल्या विंडोज व्हिस्टानें विचारण्याची रीत घरोघर नेली. हेतु उत्तम, पण पहारेकरी पावलोपावलीं हटकूं लागला, तेव्हां लोक न वाचतांच होकार देऊं लागले. २००९ च्या विंडोज ७ मध्यें हे प्रश्न कमी करावे लागले.

खरी उणीव निराळीच आहे. हा पहारा यंत्रणेच्या गाभ्यावर असतो, मालकाच्या कागदांवर नव्हे. खंडणी मागणारा प्रोग्राम हिशेब व छायाचित्रें कुलूपबंद करतो तो मालकाच्याच अधिकारानें. त्यासाठीं पुष्कळदां प्रश्न विचारलाच जात नाहीं. अशा वेळीं अडत्याचा हिशेब परत मिळावयाचा तो यंत्रापासून अलग ठेवलेल्या प्रतीवरून.